वाडीचे रक्त आणि तालुक्याचा आकडा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायचे, निदान करायचे आणि कार्ड हातात द्यायचे. अशी तपासणी जिथे होते तिथे एक प्रश्न आपसूक पुढे येतो. सुई टोचलीच आहे, तर त्याच वेळी रक्तगटही का पाहू नये? आणि पाहिलाच, तर माणसाच्या नावापुढे तो लिहून थांबायचे, की कातकऱ्यांत इतके, ठाकरांत इतके, महादेव कोळ्यांत इतके अशी जमातवार मोजणीही करून ठेवायची?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. घाटाच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत, आणि त्याच तालुक्यांतून मुंबईची लोकल आणि द्रुतगती महामार्ग जातात, तिथेच खोपोलीचे कारखानेही आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. तिच्या आरोग्याची मोजदाद व्हायला हवी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण मोजदाद कशाची, कोणासाठी आणि ती कोणाच्या हातात राहणार, यावर मात्र नीट विचार करायला हवा. दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि घाईने एका बाजूला झुकणे वाडीवरच्या माणसाला महागात पडू शकते.

आधी देशाचा आकडा पाहू. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या पाच विभागांतल्या १०,००० रक्तदात्यांच्या अभ्यासात ओ गट ३७.१२ टक्के, बी ३२.२६, ए २२.८८ आणि एबी ७.७४ टक्के निघाला. आरएच पॉझिटिव्ह ९४.६१ टक्के, म्हणजे निगेटिव्ह शंभरात पाच-साडेपाच. युरोपात हेच प्रमाण पंधराच्या आसपास असते. आपल्याकडे बी गट जास्त, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने सालोनिकाच्या आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. हिंदुस्थानी शिपायांत बी गट युरोपीयांच्या कितीतरी पट आढळला. १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि माणसांच्या समूहांची रक्तगटांवरून तुलना करायची प्रथा तिथून रुजली.

पण या आकड्यांत एक उणीव आहे आणि ती कर्जतला थेट लागू पडते. देशाचा म्हणून जो आकडा आपण वाचतो तो बहुतेक वेळा रक्तदात्यांचा असतो. रक्तदानासाठी वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे निम्म्याहून अधिक बायांपैकी बऱ्याच जणी शिबिराच्या टेबलावरूनच परत पाठवल्या जातात. वाडीवरची, दोन बाळंतपणे झालेली, वीटभट्टीवर राबलेली कातकरी बाई त्या आकड्यात जवळजवळ येतच नाही. खोपोलीतल्या कारखान्यात शिबिर लागले, तर तिथे मिळतो तो कामगार तरुणांचा रक्तगट, आणि ते कामगार उत्तर प्रदेश-बिहारपासून मराठवाड्यापर्यंत कुठूनही आलेले असतात. त्या शिबिराची टक्केवारी खालापूरची म्हणून छापली तर ती खोटी ठरत नाही, पण ती खालापूरच्या वाड्यांबद्दल काहीच सांगत नाही.

देशाच्या लोकसंख्येतले रक्तगट काळानुसार बदलतात का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे. एखाद्या तालुक्याची टक्केवारी दहा-वीस वर्षांत हललेली दिसली, तर पहिले कारण शोधावे ते माणसांच्या ये-जा करण्यात. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये धावू लागली. त्या घाटाचे बोगदे खोदायला आणि पूल बांधायला हजारो मजूर आले. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले, पुढे भिवपुरी. त्यानंतर रसायनीचे कारखाने, मग महामार्ग, आणि आता बदलापूर ओलांडून नेरळ-कर्जतपर्यंत पसरत आलेल्या इमारती. दर खेपेला तालुक्यात नवे रक्त आले. कोणाचाही रक्तगट बदलला नाही, बदलली ती बेरीज.

लोकसंख्या आहे तशीच राहिली तर रक्तगटांचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या स्थिर राहते, हे १९०८ मध्ये इंग्रज गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. ओ आणि आरएच निगेटिव्ह दुबळे असल्यामुळे हळूहळू नाहीसे होतील, अशी भीती अनेकदा ऐकू येते. तिला आधार नाही. वरच्या अभ्यासातला निगेटिव्हचा आकडा घेऊन हिशेब केला, तर शंभरातल्या साधारण छत्तीस माणसांच्या रक्तात निगेटिव्हचा एक जनुक लपलेला असतो. ती स्वतः पॉझिटिव्ह असतात आणि त्यांना याचा पत्ताही नसतो. अशा दोन माणसांचे मूल निगेटिव्ह निपजण्याची शक्यता चारात एक. म्हणून पॉझिटिव्ह आईबापांना निगेटिव्ह मूल झाले की सासरी जी कुजबुज सुरू होते, ती अज्ञानातून येते आणि एखाद्या निरपराध बाईचा संसार पोखरते. रक्तगटाचे कार्ड वाटणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट कार्डाबरोबर सांगायलाच हवी.

मग समूहासमूहांत फरक पडतो कसा? लहान वाडीत योगायोग फार मोठे काम करतो. चार घरांच्या पाड्यावर एका पिढीत बी गटाच्या दोन भावांना मुले झाली नाहीत, की त्या पाड्याचा हिशेब बदलतो. मुंबईत अशा घटनेने काहीच हलत नाही. त्यात आपल्याकडची जातीजमातीच्या आत लग्न करण्याची रीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूरजानी, थंगराज, राइख आदींच्या संशोधनाने दाखवले की साधारण १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत भारतातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि त्यानंतर ते मिसळणे जवळजवळ थांबले. तेव्हापासून प्रत्येक समूहाचे रक्त आपापल्या वाटेने गेले. आजाराचाही वाटा आहेच. सिकल सेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते, म्हणूनच हिवतापाच्या रानात राहिलेल्या समूहांत तो टिकला. गंभीर हिवतापात ओ गटाच्या माणसांचा निभाव जरा बरा लागतो, असेही आढळले आहे. हिवताप हटला तरी हे जनुक लगेच जात नाहीत, त्यांना जायला कित्येक पिढ्या लागतात.

आता ज्या गटामुळे हा सारा विषय महाराष्ट्राचा होतो त्याकडे येतो. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तलक्षणाची नोंद केली. मुंबईत सापडले म्हणून त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप हे नाव पडले. ए, बी किंवा ओ गटाच्या प्रत्येक माणसाच्या रक्तपेशीवर एच नावाचा एक पायाभूत घटक असतो. ए आणि बी त्याच्यावरच उभे राहतात. बॉम्बे गटाच्या माणसात हा एचच नसतो. त्यामुळे त्याला ए चालत नाही, बी चालत नाही, आणि सर्वांना चालणारे म्हणून ज्याची ख्याती ते ओ रक्त तर मुळीच चालत नाही, कारण ओ पेशीवर एच सर्वांत जास्त असतो. त्याला रक्त हवे तर बॉम्बे गटाच्याच माणसाचे.

आणि अडचण अशी की काचपट्टीवरच्या साध्या तपासणीत हा माणूस ओ म्हणूनच दिसतो. शिबिरात, शाळेत, वाहन परवान्याच्या अर्जासोबत जी थेंबांची तपासणी होते तीत ए आणि बीची औषधे टाकली जातात. रक्तपेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या नाहीत की ओ लिहायचे. एचची तपासणी तिथे नसते. खरा प्रकार उघड होतो तो रक्तपेढीत उलट तपासणी केली, म्हणजे रुग्णाच्या रक्तातला द्रव ओ पेशींबरोबर ठेवून पाहिला, किंवा पिशवी जुळवायला घेतली तेव्हा. ओच्या पिशवीमागून पिशवी जुळत नाही म्हणून तंत्रज्ञ थांबतो आणि मग कळते. तोवर रुग्ण टेबलावर असतो.

भाटिया आणि साठे यांच्या १९७४ च्या अभ्यासात मुंबईत हे प्रमाण ७,६०० माणसांत एक निघाले. युरोपात ते लाखांत एकही सापडत नाही. मुंबईचे प्रमाण कर्जत-खालापूरला तंतोतंत लागू करता येणार नाही, पण अंदाजासाठी धरले आणि २०११ च्या जनगणनेतली दोन्ही तालुक्यांची मिळून चार लाखांच्या आसपासची लोकसंख्या घेतली, तर या दोन तालुक्यांत पन्नासएक माणसे अशी असावीत की ज्यांच्या कार्डावर ओ लिहिले आहे आणि ओची पिशवी त्यांचा जीव घेऊ शकते.

याच प्रमाणावरून आणखी एक हिशेब निघतो. सव्वादोन टक्के माणसांत, म्हणजे चव्वेचाळिसात एकात, बॉम्बे गटाचा जनुक लपलेला असणार. अनोळखी घराण्यांत लग्न झाले तर मूल बॉम्बे गटाचे होण्याची शक्यता ७,६०० त एक. मामाच्या मुलीशी लग्न झाले तर ती साधारण १,२०० त एक होते, म्हणजे सहापट. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत जुनी आहे आणि ती शिकलेल्या घरांत झपाट्याने मागे पडते आहे. तेव्हा हा गट देशाच्या लोकसंख्येत काळानुसार कमी जन्माला येईल. जनुक मात्र तितकेच राहतील, फक्त आणखी खोल दडून बसतील. आणि ज्या मोजक्या माणसांना हे रक्त लागेल, त्यांना ते देणारेही कमी होतील. घरात पाच भावंडे होती तेव्हा त्यातले एखादे तरी जुळायचे. आता भावंडेच एक-दोन. लोकसंख्येच्या पातळीवर जी सुधारणा दिसते, ती त्या एका रुग्णासाठी अवघड परिस्थिती घेऊन येते.

इथे जमातवार मोजणीच्या बाजूचा माणूस बोलू लागतो, आणि त्याचे म्हणणे हलके नाही. तो विचारतो, कुठे शोधायचे हे माहीत नसेल तर शोधणार कसे? ओडिशातल्या कुटिया कोंध या लहान जमातीत बॉम्बे गटाचे प्रमाण सुमारे २७८ त एक आढळले, ते कोणीतरी त्या जमातीत जाऊन मुद्दाम तपासणी केली म्हणूनच. शहरातल्या रक्तपेढीच्या कपाटात ते कधीच उगवले नसते. सिकल सेलही भारतात प्रथम १९५२ मध्येच निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींच्या तपासणीत सापडला. आदिवासींचे वेगळे आकडे काढले नसते, तर आजची मोहीम उभीच राहिली नसती. जी-६-पीडी या घटकाची कमतरता घ्या. ती असलेल्याला हिवतापावरचे प्रायमाक्विन दिले तर रक्तपेशी फुटतात. कोणत्या समाजात ही कमतरता जास्त, हे ठाऊक असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर गोळी देताना थांबेल. आकडेच नकोत म्हणणारा माणूस आदिवासींना पुन्हा एकदा अदृश्य करतो, असा या बाजूचा आरोप आहे. मला तो खरा वाटतो, आणि जो कोणी खासगीपणाच्या नावाखाली मोजणी झटकून टाकू पाहतो त्याने त्याचे उत्तर द्यायला हवे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे इतिहासातून येते. हिर्शफेल्ड दांपत्याने रक्तगटांवरून समूहांची जी तुलना केली, तिच्यावर पुढे युरोपात श्रेष्ठ-कनिष्ठ वंशांच्या कल्पनांचे इमले उभे राहिले, आणि खुद्द लुडविक हिर्शफेल्ड यांना दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात दिवस काढावे लागले. आपल्याकडे रिझले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती. समूहाचे मोजमाप समूहाच्या हातात कधीच राहत नाही. वाडीवर दरवर्षी कोणी ना कोणी येतो, रक्त घेतो, वजन घेतो, फोटो काढतो आणि निघून जातो. त्याचे पुढे काय झाले हे वाडीला सहसा कळत नाही. शिवाय ज्या समाजाबद्दल आधीच चार गैरसमज आहेत, त्याच्या नावापुढे ‘यांचे रक्त वेगळे’ ही आणखी एक गोष्ट जोडली, तर ती दवाखान्यात राहणार नाही. भट्टीमालकापर्यंत जाईल, शाळेपर्यंत जाईल, मुलीच्या लग्नापर्यंत जाईल. सिकल सेलच्या कार्डाने दोन वाहकांनी लग्नाआधी विचार करावा एवढे साधायचे असते. पण ते कार्ड मुलीच्या नावावर असते आणि लग्न मोडल्याचा ठपका तिच्यावरच येतो. ही भीती पुस्तकी नाही.

दोन्ही बाजू ‘मोजणी’ या एकाच शब्दात तीन निरनिराळी कामे कोंबतात, आणि गोंधळ तिथेच होतो. तालुक्याची टक्केवारी लागते ती साठ्यासाठी. रक्त साठवण केंद्राच्या फ्रिजमध्ये ओ किती पिशव्या, बी किती, निगेटिव्ह एखादी तरी आहे का, हे ठरवायला ती हवी. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते, त्यामुळे अंदाज चुकला तर एक तर पिशव्या फेकाव्या लागतात किंवा अपघाताच्या रात्री कपाट रिकामे असते. महामार्ग, घाट आणि रेल्वे असलेल्या तालुक्यांत हे काम तातडीचे आहे. पण त्याला जमातीचे नाव लागत नाही. दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या माणसांची, म्हणजे गरोदर बाया, शस्त्रक्रियेचे रुग्ण, अपघातग्रस्त यांची बेरीज लागते, आणि ती दात्यांच्या टक्केवारीपेक्षा खरी असते, कारण रक्त यांनाच लागणार आहे.

दुसरे काम एका माणसाचे. त्याला त्याचा स्वतःचा गट कळायला हवा, बिनचूक. इथेही जमातीचा आकडा निरुपयोगी आहे. ठाकरांत ओ किती टक्के हे ठाऊक असल्याने कोणत्याही ठाकराला पिशवी चढवता येत नाही.

उरते तिसरे काम, दुर्मीळ गटाच्या माणसाचा शोध. जमातवार मोजणीचा दावा इथे सर्वांत बळकट आहे, आणि माझ्या मते तो इथेच कमी पडतो. बॉम्बे गटाचा एक माणूस सापडला, की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते. कुटिया कोंधांसारखे अगदी वरचे प्रमाण धरले तरी जमातीत शोधायला एकामागे २७८ माणसे तपासावी लागतील. घरात शोधायला चार. चुलत-मावस भावंडांतही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. शोधाची वाट घरातून जाते. घराला विचारून, घराच्या संमतीने ती चालता येते आणि तिच्यासाठी कोणत्याही जमातीला शिक्का मारावा लागत नाही. सापडणारी माणसे मराठा असतील, आगरी असतील, कातकरी असतील, कालच बदली होऊन खोपोलीला आलेली असतील. रक्ताला त्याचे देणेघेणे नाही.

एक हरकत मात्र शिल्लक राहते आणि ती खरी आहे. घरातला शोध पहिला माणूस सापडल्यावर सुरू होतो. तो पहिला माणूस सापडायचा कसा? आज तो बहुधा आणीबाणीत सापडतो, आणि पहिला असण्याची किंमत त्याला वेळेच्या रूपाने मोजावी लागते. जमातवार तपासणीचा पुरस्कर्ता म्हणेल की आधीच घरोघरी तपासले असते तर ही पाळी आली नसती. यावर मला जे उत्तर योग्य वाटते ते गरोदर स्त्रीपासून सुरू होते. तिचा रक्तगट रीतीने आजही तपासला जातोच, मग ती कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात येवो, कशेळे किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात येवो. ज्यांचा गट ओ निघतो त्यांची, म्हणजे शंभरातल्या सदतीस जणींची, तेवढी एक उलट तपासणी करावी. नमुना नळीत आधीच आहे. जास्तीचे काम थोडे आहे, त्याला प्रशिक्षित हात आणि ताज्या ओ पेशी लागतील. यातून पहिला माणूस सापडतो तो तिसऱ्या महिन्यात, शांतपणे, बाळंतपणाला सहा महिने शिल्लक असताना. मग तिचे भाऊ-बहिणी, मग त्यांची मुले. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ पासून रक्तगटांचे संदर्भ केंद्र आहे, तेच आज राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. शंका आलेला नमुना लोकलने दोन तासांत तिथे पोचतो. हे सोपे आहे असे मी म्हणत नाही. पण घरोघरच्या जमातवार मोजणीपेक्षा ते स्वस्त आहे, आणि त्याचा लाभ ज्या बाईला सुई टोचली तिला पहिल्यांदा मिळतो.

निगेटिव्ह गटाच्या बाईसाठी हीच तपासणी आणखी वेगळ्या अर्थाने जिवाची आहे. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर पुढचे बाळ पोटातच धोक्यात येऊ शकते. आणि कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरात इकडे आणि बाई भट्टीवर, दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात. तिचा गट तिच्या हातात हवा, तिला वाचता येत नसले तरी ओळखता येईल अशा कार्डावर हवा. मोबाइलवरची नोंद पुरेशी नाही. मालकाच्या फोनवर आलेला ओटीपी सांगून तिने स्वतःचे रक्त शोधावे, ही अपेक्षा धरणे मला क्रूर वाटते.

सिकल सेलचे काय, असे कोणी विचारेल. तिथे मी जमातीच्या पातळीवरच्या माहितीच्या बाजूने आहे, आणि यात विसंगती नाही. सिकल सेलवर उपचार आहेत, लहानपणी निदान झाले तर आयुष्य वाढते, आणि कुठे जास्त आढळतो हे कळल्याशिवाय औषधे, रक्त आणि डॉक्टर तिथे पोचत नाहीत. मोजणीतून त्या समूहाला काही मिळणार असेल तर मोजणी करावी. ए-बी-ओ गटांच्या जमातवार टक्केवारीतून वाडीला मिळणारे मला काही दिसत नाही. संशोधकाला ते हवे असेल, आणि संशोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. देशाचा इतिहास त्याच्या रक्तातूनही वाचता येतो. पण ते काम त्याच्या नावाने, त्याच्या परवानगीने, ग्रामसभेपुढे बोलून आणि निष्कर्ष मराठीत वाडीवर परत आणून व्हावे. सरकारी आरोग्य मोहिमेच्या सुईआडून होऊ नये.

एक अडचण या सगळ्यानंतरही उरते, आणि ती सोडवल्याशिवाय दुर्मीळ दात्यांची कोणतीही यादी कागदावरच राहील. समजा नेरळजवळच्या एका वाडीवरचा तरुण बॉम्बे गटाचा निघाला. त्याने यादीत नाव द्यायला होकार दिला. मुंबईत कोणाला तरी त्याचे रक्त हवे आहे म्हणून फोन आला. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताचा मोबदला देणे-घेणे बंद झाले, ते योग्यच झाले; त्याआधी गरिबांचे रक्त ज्या रीतीने विकले जात होते तिकडे परत जायचे नाही. पण या तरुणाचा एक दिवस बुडतो. जाण्यायेण्याचे भाडे, दिवसाची मजुरी, आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर उभे राहताना लागणारी ताकद, हे सगळे त्याने स्वतःच्या खिशातून द्यायचे का? स्वेच्छा रक्तदानाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत प्रवासखर्चाची भरपाई बसते, बुडालेली मजुरी बसत नाही. शहरातला नोकरदार दाता या कामासाठी रजा टाकू शकतो. रोजंदारीवरच्या माणसाला रजा नसते. राज्य रक्त संक्रमण परिषदेने दुर्मीळ गटाच्या दात्याला बोलावणाऱ्या रुग्णालयाने वाहन पाठवावे, जेवण द्यावे, त्याचे हिमोग्लोबिन तपासून रक्तवाढीच्या गोळ्या त्याच दिवशी हातात द्याव्यात आणि वर्षातून किती वेळा बोलवायचे याची मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवावी, असा नियम करावा. यातले काहीच मोबदल्यात मोडत नाही. मजुरीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, आणि तो सोडवायचा तर मोबदला आणि भरपाई यांची सीमा पुन्हा एकदा उघडपणे, आदिवासी दात्यांना समोर बसवून तपासावी लागेल.